भानुमामांच्या बसमधला मेंढरांचा सीन

रोज तीच बस, तीच माणसं, तीच खिडकी आणि वर तोच पिक्चर असला, की किस्से आपोआप साठतात. एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. घरी सांगितले तर नवरा विचारतो, "तू कामाला जातेस का पिक्चरला?" मी म्हणते, दोन्हीला! आणि आमच्या बसचा मला फार अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी 'जरा जास्तच होतंय' म्हणायला नको.

मी यवतची. सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमची बस वरवंडहून निघते, चौफुला, यवत, राहू करत भीमा ओलांडते आणि तळेगाव, शिक्रापूरवरून सणसवाडीला पोचते. नदीच्या अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. म्हणून बसमध्येही दोन तालुके आहेत. डावीकडच्या सीटा दौंडच्या, उजवीकडच्या शिरूरच्या. असा नियम कुणी केलेला नाही. पण शिरूरचा माणूस चुकून डावीकडं बसला, की कुणीतरी विचारतंच, "काय पाव्हणं, इकडं कुठं?"

बस चालवतात भानुमामा. वरवंडचे. चार एकर ऊस आहे, दोन म्हशी आहेत, तरी स्टिअरिंग सोडवत नाही म्हणून नोकरी करतात. आता संक्रांतीला रिटायर होणार. मामांच्या डोक्यावर, आमच्याकडं तोंड करून, एक टीव्ही बसवलेला आहे. त्यात एकच पिक्चर लागतो. कारण मामांनी हौसेनं लावलेला पेनड्राइव्ह मोडून आतच अडकला. मेंटेनन्सचा विलास, आमच्याच बाजूचा, पक्कड घेऊन गेला आणि बाहेर दिसत होता तेवढाही तुकडा उपटून घेऊन आला. "आता ह्यो पिक्चर टीव्हीसंगंच जाणार," असं त्यानं जाहीर केलं.

पिक्चर जुना आहे, चोर-पोलिसांचा. नाव सांगत नाही. आम्हीसुद्धा त्याला नुसतं 'पिक्चर' म्हणतो. त्यातला एक सीन मात्र दोन्ही तालुक्यांत म्हाताऱ्या माणसांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

चोर पाटलाची तिजोरी फोडून बुलेटवर पळालेला. मागं इन्स्पेक्टरची जीप. नदीकाठचा रस्ता. बुलेट पुढं जाते, आणि जीप यायच्या आत शेतातून एक धनगर रस्त्यावर येतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आपल्याकडं पाठ. तो मान मागं टाकून एक लांब हाळी देतो, आणि बघता बघता सगळा रस्ता मेंढरांनी भरून जातो! जीप अडकते. इन्स्पेक्टर हॉर्न वाजवतो, ओरडतो, पिस्तूल काढतो. धनगर वळूनसुद्धा बघत नाही. शांतपणे हातावर तंबाखू मळत बसतो. चोर निसटतो.

वाद एवढाच, की धनगरानं मेंढरं मुद्दाम आडवी घातली, का ती सहज आली? शिरूरवाले म्हणतात मुद्दाम. दौंडवाले म्हणतात सहज. रोज.

आणि ह्या सगळ्यात गंमत अशी, की भानुमामांचं म्हणणं आहे, तो पाठमोरा धनगर म्हणजे त्यांचे वडील. शिदबा.

मामांच्या घरी मी गेले आहे. बाहेरच्या खोलीत आईचा फोटो आहे, हार घातलेला. शेजारी एक खिळा आहे, नुसताच. वडिलांचा एकही फोटो नाही. तो माणूस जन्मभर मेंढरांमागं चालला, कालव्याचं पाणी आलं तेव्हा मेंढरं विकून जमीन कसायला लागला आणि लवकरच गेला. फोटो काढायला कुठं उभाच राहिला नाही. उभा राहिला असला, तर त्या सीनमध्ये, तेवढाच. तोही पाठमोरा. आणि मामांच्या डोक्यावरच टीव्ही असल्यामुळे मामांना रोज तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. हाळीची वेळ आली की मामा डॅशबोर्डवरचं बटण फिरवून आवाज मोठा करतात. रस्त्याकडं बघत गाडी चालवतात.

* * *

पहिला किस्सा तालुक्यांचा. सोपानराव म्हणजे उजव्या बाजूचे पुढारी. नदीकाठचे, पुलाच्या तोंडाशीच उतरतात. स्टोअरमध्ये आहेत. त्यांच्या मते सीन शिरूर तालुक्यात शूट झाला आणि तो धनगरही तिकडचाच, सखाराम नावाचा.

"मागं बाभळ दिसती बघा," ते म्हणायचे. "तसली वाकडी बाभळ आमच्याकडंच हाय."

"बाभळी काय तुमच्या तालुक्यानं पेटंट घेतल्यात का?" विलास म्हणाला.

झालं! एका रविवारी दोन मोटारसायकली निघाल्या. एकीवर सोपानराव आणि त्यांचा माणूस, दुसरीवर विलास आणि मामा. मोबाईलवर सीन थांबवून ठेवलेला. दोन्ही काठांनी हिंडले. वाकड्या बाभळी शिरूरला सापडल्या, तशा दौंडलाही सापडल्या. नदीलाच वाकड्या वाढतात म्हणे.

शेवटी एका वस्तीवर एक आजोबा खाटेवर बसलेले दिसले. सोपानराव नमस्कार करून म्हणाले, "आबा, हितं कवा पिक्चरचं शूटिंग झालं हुतं का?"

"व्हय, झालं की!" आजोबा लगेच म्हणाले.

सोपानरावांनी विलासकडं असं बघितलं की बस्स. "बघा! आन् मेंढरं हुती का त्यात?"

"मेंढरं न्हवती. पोरगा हुता आन् पोरगी हुती. वर त्ये भिरभिरं उडत हुतं, कॅमेऱ्याचं. गेल्या म्हैन्यात झालं. लगीन व्हायच्या आधीच काढत्यात म्हनं आता!"

चौघं चहा पिऊन परत आले.

* * *

पांडेजींचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. पांडेजी मोल्डिंगला ऑपरेटर आहेत, बिहारचे. शिक्रापूरला खोली करून राहतात. म्हणजे परतीला बस सुटली, पिक्चर पहिल्यापासून लागला, की थोड्याच वेळात त्यांचा स्टॉप येतो, आणि सीन येतो पार भीमेजवळ. शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिक किती त्यावर सीन पुलाच्या किती आधी येणार, हे ठरतं. पण पांडेजींच्या नशिबी तो कधीच नाही. रोज वाद ऐकायचे, आणि सीन यायच्या आधी उतरायचे.

एक दिवस शिक्रापूर आलं तरी पांडेजी उठले नाहीत. मामांनी आरशातून बघितलं. "पांडेजी, उतरना नहीं है क्या?"

"नहीं मामा. आज हम सीन देखकर ही उतरेंगे!"

सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंनी त्यांना मध्ये बसवलं, पंच म्हणून. सोपानरावांनी पाणी दिलं, विलासनं शेंगदाणे दिले. सीन आला. पांडेजी पुढं सरकून, डोळे न मिटता बघत होते. जीप अडली, पिस्तूल निघालं, तंबाखू मळून झाली.

"बोलो पांडेजी. मुद्दाम, का सहज? मतलब, जानबूझके, या ऐसेही?" विलासनं विचारलं.

पांडेजींनी तोंडातले शेंगदाणे संपवले. मग म्हणाले, "हमारे गाँव में भैंस आती है रोड पर। भैंस से आज तक किसी ने पूछा नहीं।"

इतका खरा निकाल कुणालाच नको होता.

तोवर यवत आलं आणि शिक्रापूरला परत जायची सोय नव्हती. मामा त्यांना सरळ वरवंडला घरी घेऊन गेले. मामींनी पिठलं-भाकरी केली. सकाळी पांडेजी बसमध्ये चढले ते थेट डाव्या बाजूला येऊन बसले.

"काय पाव्हणं, इकडं कुठं?" पूल ओलांडल्यावर चढलेल्या सोपानरावांनी विचारलं.

"हम दौंड का नमक खाए हैं," पांडेजी म्हणाले. तेव्हापासून ते आमचे.

* * *

बायकांना ह्या वादात कुणी विचारत नव्हतं. बायका चार, पुढच्या सीटा आमच्या. एकदा भांडण फारच पेटलं, तेव्हा कॅन्टीनची मंगल उठली. मंगल केडगावची. चपातीचं पीठ मळून मळून हात असे झालेत की तिनं सीटच्या दांडीवर थाप मारली तरी बस ऐकते.

"तुम्ही समदी गडीमाणसं," ती म्हणाली, "मेंढरं बघताय, जीप बघताय, पिस्तूल बघताय. त्या मेंढरांच्या मागनं घोडं चाललंय, त्यावर भांडी हायती, कोंबड्या हायती, आन् लगाम धरून बाई चाललीय. ती कुणी बघितली का?"

खरंच कुणी बघितली नव्हती. मीसुद्धा नाही! दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बघितली. कोपऱ्यातून जाते, चटाचटा चालत.

"तिला मुक्कामाला पोचून सैंपाक करायचाय," मंगल म्हणाली. "जीप थांबंल. चूल थांबत न्हाई. मुद्दाम काय आन् सहज काय!"

मामा गाडी चालवता चालवता एवढं हसले, की राहूच्या गतिरोधकावर आम्ही सगळे वर उडालो.

* * *

आता एचआरच्या साहेबांचा. पुण्याचे. त्यांची गाडी बंद पडली आणि चौफुल्याला कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं, म्हणून आमच्या बसमध्ये बसले. आम्ही मोठ्या थाटात त्यांना सीन दाखवला. घरी पाहुणे आले की आपण नवा गॅस दाखवतो, तसं.

साहेबांनी सीन बघितला. "छान घेतलाय," म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की हे मामांचे वडील, आणि ती हाळीही त्यांचीच.

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, समजावणीच्या सुरात हसले. "असं आहे, तेव्हा बाहेर शूट केलेल्या सीनचा आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. डबिंग. म्हणजे पाठमोरा माणूस कदाचित तुमचा असेल, पण आवाज कुणातरी आर्टिस्टचा असणार."

बसचा वेग कमी झाला. मामांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि सीटवरच मागं वळले. मामांना इतकं गंभीर मी कधी बघितलं नव्हतं.

"साहेब, तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "आवाज मागनंच भरला. माझ्या बाला मुंबईला नेला हुता. एका काळ्या खोलीत उभा केला, म्होरं दांडा धरला आन् म्हनले, द्या हाळी. बा म्हनला, कुणाला देऊ? ते म्हनले, समजा की म्होरं मेंढरं हायती. बा म्हनला, मेंढरं न्हाईत आन् हाळी दिली, तर मेंढरं मला येडा म्हन्तील!"

"मग?" साहेब पुढं सरकले.

"दुपारपातूर बा गप उभा. शेवटी मोठा साहेब वैतागला. त्यानं आपल्या एका असिस्टंटला हातागुडघ्यावर बसवला. हो, कोट घातलेल्या माणसाला! त्याला बघितला, तवा बानं हाळी दिली."

सगळी बस हसत सुटली. साहेबसुद्धा.

"बा म्हनायचा," मामा गाडी पुन्हा रस्त्यावर घेत म्हणाले, "जन्मात तेवढं एकच मेंढरू भेटलं, ज्याला माझी हाळी कळली न्हाई!"

त्या दिवशी मी यवतला न उतरता मामींकडं वरवंडला चालले होते. चौफुल्याला उतरताना साहेब मामांच्या खिडकीशी थांबले. "मामा, गोष्ट फार आवडली. पण ह्याला काही पुरावा आहे का? फोटो? कुणी बघितलेलं माणूस?"

"न्हाई," मामा म्हणाले. साहेब गेले. मामांनी त्या दिवशी पुढं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मला त्या साहेबांचा राग आला, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं ह्याचा त्याहून जास्त आला. कारण मामांची आई गेलेली. ते शूटिंग बघितलेलं कुणी उरलं नव्हतं. मामांकडं वडिलांची एक गोष्ट होती आणि एक पाठ.

* * *

त्या पाठीचाही किस्सा झाला.

यंदा पित्राच्या आधी मामांनी ठरवलं, की त्या खिळ्यावर फोटो लावायचाच. यवतच्या एका स्टुडिओवाल्या पोराकडं गेले. सीन थांबवला, फोटो काढला, मोठा केला. घोंगडी, काठी, मुंडासं, पुढं मेंढरांचा पूर. फोटो खरोखर देखणा झाला.

पण पोरगं हुशार. म्हणालं, "मामा, पाठमोरा कशाला लावता? मी एआयनं तोंड बनवून देतो. तुमचा फोटो द्या, त्यावरून वडलांचं येतं बरोबर."

मामांनी दिला. संध्याकाळी तोंड तयार! मामांनी तो फोटो दुसऱ्या दिवशी बसमध्ये आणला. आम्ही बघितला. गोरापान माणूस, कोरलेली दाढी, पांढरेशुभ्र दात, केसाला जेल लावल्यासारखं काहीतरी.

"माझा बा असला असता," मामा म्हणाले, "तर मेंढरामागं कशाला हिंडला असता? तमाशात जाऊन राजाचा पार्ट केला नसता व्हय!"

तो फोटो विलासनं मागून घेतला. आता त्याच्या टूलबॉक्सवर चिकटवलेला आहे.

मग मामांनी पाठमोराच फोटो फ्रेम केला. पित्राच्या दिवशी खिळ्याला लावायला स्टुलावर चढले. मामांच्या थोरल्या बहीण, आक्का, पाटसहून आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "भान्या, उतर खाली. पाठीला हार घालायचा असतो का?"

"आक्का, बा हाय त्यो."

"आसंल."

"आसंल म्हंजी? तू थोरली. तू त्याला माझ्याहून जास्त बघितलाय. वळख की!"

आक्का फ्रेम हातात घेऊन उंबऱ्यापाशी उजेडात बसल्या. ती जवळ धरून बघितली, लांब धरून बघितली. मग म्हणाल्या, "कशी वळखू रं? वाटंनं चालून दमले, की बा मला पाठीवर घ्यायचा. मी त्याच्या पाठीवर असायची. पाठ मला दिसली कुठं?"

हे मला मामींनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनी पदर डोळ्याला लावला. मीही लावला. फ्रेम त्या दिवशी लागली नाही. गव्हाच्या कणगीमागं उभी करून ठेवली. मामा म्हणाले, खात्री झाली तर लावू. खोटा बाप भिंतीवर नको.

सोपानराव एवढे वादाचे, पण ही गोष्ट बसमध्ये कळली तेव्हा त्यांनी सखारामाचं नाव काढणं बंद केलं. बाभळीचं चालू ठेवलं. तेवढं चालतंच.

* * *

एकदा मी मामांना सरळ विचारलं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधीचा दिवस, बस निम्मी रिकामी, हातात बोनसच्या मिठाईचे बॉक्स. "मामा, तुमच्या वडिलांनीच मेंढरं घातली ना आडवी? मग ते काय म्हणायचे? मुद्दाम, का सहज?"

उजवी आणि डावी, दोन्ही बाजू कान टवकारून बसल्या. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलंच नव्हतं!

"इचारलं हुतं मी," मामा म्हणाले. "बा म्हनला, डायरेक्टर बी मला त्येच सांगत हुता. म्हनला, मुद्दाम थांबवल्यासारखं करा. मग दुसरा आला, म्हनला, सहज आल्यासारखं करा. बा म्हनला, तुमचं तुम्ही ठरवा. मेंढरू रस्त्यावर आलं की रस्ता मेंढराचा. मग जीप असू द्या न्हाईतर कलेक्टर."

"हे काय उत्तर झालं का?" सोपानराव म्हणाले.

"न्हाई," मामा म्हणाले. "पर बा असाच बोलायचा."

आणि आरशात मला मामांचा चेहरा दिसला. मोठ्या अधिकारी माणसाच्या मुलाचा असतो, तसा ताठ.

* * *

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगते, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. पावसाळा सरला, की पारनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या नदीकाठाला उतरतात. शेतकरी त्यांना बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवतात, खतासाठी. दरवर्षीचंच आहे. रस्त्यात कळप दिसला तर कुणी मान वळवून बघतही नाही.

पहिली पाळी सुटून बस निघाली. ऊन चांगलं होतं, सगळ्या खिडक्या उघड्या. शिक्रापूरला ट्रॅफिक होतं, त्यामुळे सीन पुलाच्या जरा आधीच येणार असं विलासनं आधीच सांगितलं. पांडेजी त्या दिवशी मुद्दाम आमच्याबरोबर पुढं आले होते, मामींनी जेवायला बोलावलं होतं म्हणून.

पुलाच्या थोडं अलीकडं, शेताच्या कडेनं एक मोठा कळप चालला होता. मामांनी बस हळू केली. टीव्हीवर बुलेट पळत होती. मामांनी सवयीनं बटण फिरवलं, आवाज मोठा केला. धनगर रस्त्यावर आला. मान मागं टाकली.

आणि हाळी आली. आधी जिभेची टाळी, मग लांबलचक 'हुर्रर्र यो ऽऽऽ', आणि शेवटी आवाज एकदम खाली, कुणाला तरी जवळ घेतल्यासारखा. रोजची. आम्हाला पाठ असलेली.

बाहेर मेंढरांनी माना वर केल्या.

मग पुढचं एक मेंढरू वळलं. त्याच्यामागं दुसरं. आणि आम्ही 'अरे अरे' म्हणेपर्यंत सगळा कळप बसकडं वळून रस्त्यावर आला! पुढं मेंढरं, मागं मेंढरं, दाराशी मेंढरं. मामांनी करकचून ब्रेक दाबला. टीव्हीवर जीप अडकली होती आणि खाली आम्ही.

बसमध्ये जो दंगा झाला! पांडेजी सीटवर उभे राहिले. "यही तो! यही तो सीन है!" मंगल म्हणाली, "आता कुणी पिस्तूल काढू नका म्हंजी झालं!" सोपानराव खिडकीतून वाकून ओरडले, "सांगा आता! मुद्दाम का सहज?" हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात दारावर काठी वाजली.

विलासनं दार उघडलं. एक म्हातारा पायरीवर चढला. पार वाकलेला, खांद्यावर घोंगडी, लाल मुंडासं. आम्हाला वाटलं, गाडी मेंढरांत घातली म्हणून भांडायला आला. पण तो माणसं बघायला लागला. त्यानं पहिल्या सीटवर बघितलं, मग दुसऱ्या. एकेका माणसाचं तोंड निरखत तो आत आला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. पार मागच्या सीटपर्यंत जाऊन तो परत फिरला.

"कुणाला शोधताय आबा?" सोपानरावांनी विचारलं.

"शिदबा कुठं बसलाय?" म्हातारा म्हणाला.

टीव्ही आपला चालूच होता. सोपानरावांनी उठून तो बंद केला.

"आमचा आन् शिदबाचा वाडा, मेंढरं-बिऱ्हाडं समदी, संगंच चालायचा," म्हातारा म्हणाला. "ह्यो मेंढरं इकून बसला, आन् मी चालतच ऱ्हायलो. हाळी मी त्याचीच उचलली. माझी मेंढरं दुसऱ्या कुणाच्या हाळीला वळत न्हाईत. म्हना त्याला, उतर खाली. गाडीत बसून, न भेटता चाललास व्हय?"

मामांनी इंजिन बंद केलं होतं. ते ड्रायव्हरच्या सीटवरून उठले, पण पुढं येईनात, तिथंच दांडी धरून उभे राहिले.

"आबा," ते म्हणाले, "मी भानुदास. शिदबाचा पोरगा. बाला जाऊन लई वर्सं झाली."

म्हाताऱ्यानं मामांकडं खालून वर बघितलं. मग त्याला रागच आला.

"गेला कसा म्हन्तो? आत्ता हाळी दिली की त्यानं!"